‘काका म्हण’ शिकवायची डिग्री? (बीएएसएलपीवाल्यांची बाजू)

मिरजकर_ताई:
काल ‘बारावीनंतर काय’च्या धाग्यावर पुणेकर_बाबांनी बीएएसएलपीबद्दल, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर थेरपी करायला शिकवणाऱ्या आमच्या डिग्रीबद्दल, लिहिलंय: “बीएएसएलपी म्हणजे नीटमध्ये आपटलेल्यांचा आसरा. चार वर्षं घालवायची आणि शेवटी काय, पोराला समोर बसवून ‘काका म्हण, मामा म्हण’. आमची आजी हे फुकटात करायची.” तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते फार लांबलं. म्हणून वेगळा धागा.

‘काका’पासूनच सुरुवात करू. पोरगं काकाला ‘ताता’ म्हणतं, कारण ‘क’साठी जीभ मागून उचलावी लागते आणि त्याची पुढे दातांकडे पळते. आजी शंभर वेळा ‘काका म्हण’ म्हणाली तर ते शंभर वेळा ‘ताता’च म्हणणार. वर आजी ओरडली तर बोलायचंच थांबेल. आम्ही जिभेचं टोक स्पॅच्युलानं खाली दाबून धरतो आणि त्याला ‘ता’च म्हणायला सांगतो. टोक अडकलं की जीभ मागून उठते आणि ‘का’ निघतो. तेव्हा त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्याच्याही आधी कान तपासायचे, टाळू बघायची, वय विचारायचं. अडीच वर्षांच्या पोराचा ‘ताता’ कौतुकानं ऐकायचा असतो, पाच वर्षांच्याचा नाही. हा फरक कळायलाच कॉलेज लागतं.

आणि आमच्याकडे फक्त पोरं येत नाहीत. मागच्या वर्षी एक रिटायर्ड एसटी कंडक्टर आले, पॅरालिसिसनंतर वाचा गेलेली. ग्लास समोर धरला तरी ‘पाणी’ हा शब्द येईना. पण आरती कुणी सुरू करून दिली की शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणायचे, आणि मध्येच खणखणीत आवाजात, “पुढे सरका, पुढे सरका!” आम्ही तिथूनच धरलं. आधी आकडे, मग वार, मग त्यांच्या रूटचे थांबे: मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर. दोन महिन्यांनी ‘पाणी’ आलं. बायकोचं नाव अजून येत नाही, ती बाई रोज विचारते.

आता बोला, तुमच्या आजीनं यातलं काय केलं होतं?

पुणेकर_बाबा:
आजीवर जाऊ नका. मी मुलीचा बाप म्हणून लिहिलं, तिची यंदा बारावी आहे. माझ्या भाचीनं हाच कोर्स केला. तीन वर्षं कॉलेज, एक वर्ष इंटर्नशिप, आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन, सगळं रीतसर. पहिली नोकरी पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये, पगार सोळा हजार. आमचा इस्त्रीवाला हसला असता. मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये साठच्या दशकापासून हे शिकवतात, म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था १९६५ची, बांद्र्याची १९८३ची. इतक्या वर्षांत पगार का वाढला नाही? कंडक्टरची गोष्ट छान आहे. घरभाडं गोष्टीतून निघत नाही.

चौथं_वर्ष:
मी इंटर्न आहे, मुंबईत. आसरा म्हणणाऱ्यांनी एकदा बेरा, म्हणजे झोपलेल्या मुलाच्या ऐकण्याची तपासणी, करायला यावं. जतहून आलेलं जोडपं, मूल दीड वर्षाचं. तपासणीला मूल झोपलेलं हवं, म्हणून त्यांना सांगितलं होतं की रात्री जागवा. त्यांनी बिचाऱ्यांनी जागवलं. पोरगं गाडीत जे झोपलं ते थेट आमच्या दारात उठलं, एकदम टवटवीत! मग तीन तास आई मांडीवर थोपटतेय आणि मी बाहेरच्या लोकांना दार आपटू नका म्हणून विनवतेय. शेवटी झाली टेस्ट. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. वडील म्हणाले, “पण हा दार वाजलं की बघतो.” जमिनीची थरथर कळते हो, आवाज नाही. हे त्यांना पहिल्यांदा मी सांगितलं, मी, २२ वर्षांची. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, मिळू शकतं, हेही मीच सांगितलं.

ठाण्याची_आई:
ऐकवेना म्हणून लिहितेय. मुलगा अडीच वर्षांचा असताना तुमच्यातल्याच एका मॅडमनी सांगितलं, “घरात एकच भाषा ठेवा. शाळा इंग्लिश मीडियम ना? मग इंग्लिशच बोला.” आम्ही ऐकलं. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या, त्यांना इंग्रजी येत नाही. आठ महिने त्या नातवाशी फक्त ‘कम’ आणि ‘ईट’ बोलल्या. बाकी वेळ गप्प. घरात सगळ्यात जास्त बोलणारं माणूस आम्ही फी भरून गप्प केलं.

दोन_मुलांचा_बाप:
सॉरी, पण आमच्याकडे एकच भाषा केल्यावरच मुलगी बोलायला लागली. अनुभव आहे, पुस्तकी नाही.

जर्सीतला_सांगलीकर:
तेव्हा ती किती वर्षांची होती? तीन? त्या वयात ती उर्दू केल्यावरही बोलली असती. मी इथे शाळेत स्पीच थेरपिस्ट आहे. निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलतात आणि आम्ही त्यांना स्पॅनिश सोडा असं सांगत नाही. दोन भाषांमुळे मूल मुकं होत नाही. ज्याला भाषेचीच अडचण आहे त्याला ती दोन्ही भाषांत असते. एक काढून घेतली की आजी जाते, अडचण तशीच राहते.

दोन_मुलांचा_बाप:
अमेरिकेत बसून मराठी वाचवणं सोपं आहे. तुमची मुलं मराठी बोलतात का?

जर्सीतला_सांगलीकर:
मोठा बोलतो. धाकटा समजतो. हाणलंत बरोबर, पण मुद्दा तोच राहतो.

ठाण्याची_आई:
मुद्दा बिद्दा राहू दे. माझे आठ महिने कोण देणार?

मिरजकर_ताई:
ताई, कोणी नाही देणार. आणि आता कबूलच करते, पहिली दोन वर्षं मीही हाच सल्ला दिलाय. कारण लाजिरवाणं आहे. आमच्याकडची चित्रकार्डं इंग्रजी होती, ॲपल, बॉल, त्यात एक स्नोमॅनसुद्धा. मिरजेत स्नोमॅन! मराठीत थेरपी करायला हाताशी काही नव्हतं, म्हणून आईबापांनाच भाषा बदलायला लावली. पुढे कार्डं स्वतः काढली, केळं, नळ, डोळा, बाळ. ‘ळ’साठी इंग्रजी कार्डाचा उपयोगच नाही. आता आजीला मुद्दाम सेशनला बोलावते. तेच जास्त चालतं, हे पुणेकर_बाबांनी वाचलं नाही तर बरं.

पुणेकर_बाबा:
वाचलं. म्हणजे आजी फुकटात करायची हे खरं निघालं. धन्यवाद.

आता माझ्या पगाराच्या प्रश्नावर या. २०११च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांवर, बोलण्याचं असलेले सुमारे २० लाख. पेशंट इतके असून सोळा हजार का?

मिरजकर_ताई:
कारण पेशंटच्या खिशात पैसा नसतो आणि सरकार कायम जागा काढत नाही. जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या सरकारी तपासणी-उपचार केंद्रात, ऑडिऑलॉजिस्टची (ऐकणं तपासणाऱ्याची) जागा असते, पण कंत्राटी. वर कानाच्या यंत्राच्या दुकानात कोणीही पोरगा कोट घालून यंत्र बसवतो. मीही सुरुवातीला फार कमावत नव्हते, आकडा सांगत नाही, इस्त्रीवाला इथेही हसेल. स्वतःचं क्लिनिक काढल्यावर तिसऱ्या वर्षी जरा बरं झालं. मास्टर्स केलं तर शिकवण्याच्या, मोठ्या हॉस्पिटलच्या जागा मिळतात.

जर्सीतला_सांगलीकर:
परदेशाचं स्वप्न दाखवणारे एजंट भेटतील, त्यांना आधीच ओळखा. अमेरिकेत नुसत्या बॅचलरवर थेरपिस्ट म्हणून उभं करत नाहीत. स्पीचला मास्टर्स लागते, ऑडिऑलॉजीला एयूडी, म्हणजे डॉक्टरेट. कर्ज काढूनच यावं लागतं. मी नऊ वर्षं फेडलं.

दोन_मुलांचा_बाप:
एक शंका. धाकटा चार वर्षांचा आहे, रामाला अजून ‘लाम’ म्हणतो. वेखंड उगाळून देतोय.

मिरजकर_ताई:
‘र’ उशिरा येतो, वाट बघा. वेखंड बंद करा. आणि त्याच्याशी मराठीत बोला.

दोन_मुलांचा_बाप:
शेवटचं वाक्य टोमणा होता का?

मिरजकर_ताई:
हो.

पुणेकर_बाबा:
मुलीनं रात्री हा सगळा धागा वाचला. सीईटी सेलच्या पसंतीक्रमात बीएएसएलपी टाकायचं म्हणते. मी अडवणार नाही. उड्या मारू नका, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या सगळ्या कॉलेजांच्या खाली टाकतोय.

चौथं_वर्ष:
काका, मीही खालीच टाकलं होतं.