मुलाची पहिली गिअरची गाडी: हंटर, स्प्लेंडर की मधलं काही?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मुलगा २४ वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा. चाकण एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागलाय आणि राजगुरुनगरला मित्रांबरोबर खोली घेतलीय. कंपनीची बस त्याच्या शिफ्टला जुळत नाही, म्हणून गाडी. आजवर फक्त माझी स्कूटर चालवलीय, तीही कराडात. क्लच कशाशी खातात ते माहीत नाही.

उंची पाच फूट चार इंच, वजन ५५ किलो. त्याला हवीय रॉयल एनफिल्डची हंटर ३५०. आमचे हे म्हणतात, स्प्लेंडर घे, आमचा अख्खा संसार तिच्यावर वाहिला. दोघंही मला सांगतात, एकमेकांशी या विषयावर बोलत नाहीत, त्यामुळे निकाल माझ्या गळ्यात आहे. बजेट विमा-हेल्मेटसकट दीड लाख. ॲव्हरेजचं कुणी सांगू नका, ते घरात रोज ऐकते. मला एवढंच कळायला हवंय की पावसाळ्यात, त्या कंटेनरच्या रस्त्यावर, शिकाऊ पोरगा कोणत्या गाडीवर नीट राहील. आणि सुट्टीला कराडला गाडीवरून येतो म्हणतोय, येऊ द्यावं का?

घाटमाथा_३५०
काकू, हंटरच घ्या. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा थोडे पैसे वाढवले की बसते. आत्ता छोटी गाडी घेतली तर वर्षभरात विकून पुन्हा हीच घेईल. जड गाडी रस्त्यावर बसून चालते, ट्रकच्या वाऱ्याने हलत नाही. पोराची हौस आहे, होऊ द्या.

खेडचे तात्या
ताई, माझं गॅरेज नाशिक हायवेला लागूनच आहे. तुमचा मुलगा ज्या रस्त्याने जाणार त्याच रस्त्यावरच्या गाड्या माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवख्या पोराची गाडी दारात आली की मी आधी क्लचचा लिव्हर बघतो. लिव्हर वाकलेला, डावा इंडिकेटर लोंबतोय, लेगगार्ड घासलेला. पोरगं सांगतं, कुत्रं आडवं आलं. कुत्रंबित्रं काही नसतं. पंपावर रांगेत गाडी पुढे सरकवताना, यू-टर्न घेताना, नाहीतर चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी एका अंगाला कलते. पाय टेकवायला जातो तो खडीवर पडतो, आणि मग ती आवरत नाही. वेगातले अपघात पेपरात येतात, हे कुठे येत नाहीत. पण चाकण चौकात सकाळच्या शिफ्टला, दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे असताना असं आडवं होणं ही लहान गोष्ट नाही.

म्हणून माझं मत असं की पहिली गाडी ताशी शून्य ते दहाच्या वेगात कशी वागते ते बघून घ्यायची. ऐंशीला कशी पळते ते नंतर.

हंटरची सीट स्प्लेंडरपेक्षा बोटभरच उंच आहे, त्यामुळे शोरूममध्ये बसला की पाय टेकतात आणि पोरगं खूश होतं. पण हंटर १८१ किलोची, स्प्लेंडर ११२ किलोची. मधला फरकच तुमच्या पोराच्या वजनापेक्षा जास्त आहे! घाटमाथा म्हणतात ते खरंय, जड गाडी पळताना स्थिर वाटते. आपल्या रस्त्यावर मात्र पळण्यापेक्षा थांबणं-निघणंच जास्त.

आता स्प्लेंडरबद्दल. तुमच्या मिस्टरांचा मान राखून सांगतो, शिकायला तिच्यासारखी गरीब गाडी नाही. क्लच हलका, चुकलं तरी माफ करते. पण साध्या मॉडेलला पुढेही ड्रमब्रेक आहे, आणि मागून कंटेनर अंगावर येत असताना ९७ सीसीला बाजूला निघायला वेळ लागतो. गावात ठीक, हायवेला मला ती अपुरी वाटते.

ब्रेकचं थोडं समजून घ्या. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. १२५ पर्यंत सीबीएस दिलं तरी चालतं, असा तो नियम होता. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, बस. चाक लॉक होऊन घसरायला लागलं तर ते काही करत नाही. एबीएस तिथे ब्रेक क्षणभर सोडतं, धरतं, सोडतं, आणि चाक फिरत राहतं. नवशिका घाबरला की पुढचा ब्रेक मूठ आवळून धरतो, ओल्या रस्त्यावर पुढचं चाक अडकतं आणि माणूस खाली. त्या एका क्षणासाठी एबीएस हवं. वळणावर गाडी कललेली असताना करकचून ब्रेक मारला तर मात्र तेही फार वाचवत नाही, हे त्याला सांगा.

तर १४० किलोच्या आतली, पुढे डिस्क आणि एबीएस असलेली गाडी बघा. होंडा युनिकॉर्न, यामाहा एफझी-एस, किंवा १२५ मध्येच हवी असेल तर हिरो एक्स्ट्रीम १२५आरचं एबीएसवालं मॉडेल. माझा कल युनिकॉर्नकडे. दिसायला ती बँकेतल्या साहेबाची वाटते, पोरगं नाक मुरडणार हे धरून चला.

शोरूमला जाताना त्याला कंपनीचे सेफ्टी शूज घालूनच न्या. हे कुणी सांगत नाही. पुढे लोखंडी टोपी असलेला बूट गिअरच्या लिव्हरखाली जातच नाही, मग वरचा गिअर पडत नाही आणि पोरगं मान खाली घालून पायाकडे बघतं, तेही हायवेला. टाचेने दाबायचा मागचा पाटा असेल तर हा त्रास वाचतो. मग इंजिन बंद ठेवून, सीटवर बसूनच गाडी रांगेतून मागे काढायला सांगा. खाली उतरून हँडल धरून डावीकडून एक, उजवीकडून एक गोल चक्कर मारायला सांगा. शेवटी मेन स्टँडवर चढवायला लावा. सेल्समन मधे हात लावायला आला तर त्याला चहा प्यायला पाठवा. हे करताना हात थरथरले तर ती गाडी आज नको.

कृष्णाकाठ
तात्या, सेफ्टी शूजचं वाचून दाखवलं तर चिरंजीव एकदम गप्प झाले. म्हणजे मुद्दा लागू पडला. दोन शंका. लायसन त्याच्याकडे आहे, पण विनागिअरचं. त्यावर चालेल का? आणि यांच्या ओळखीत एक जण तीन वर्षांची युनिकॉर्न विकतोय. शिकायलाच हवी तर जुनी का नको, असं यांचं म्हणणं.

आरटीओच्या_रांगेत
लायसनचं मी सांगतो. विनागिअरच्या लायसनवर गिअरची मोटारसायकल चालत नाही, तो वर्गच वेगळा आहे. सारथी पोर्टलवर नव्या वर्गासाठी आधी लर्निंग काढायचं, ३० दिवसांनी पक्क्यासाठी टेस्ट. लर्निंग सहा महिने चालतं. तोवर पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल एल, आणि मागे मित्राला बसवायचं नाही. शिकवणारा स्वतः लायसनधारक असेल तर गोष्ट वेगळी. पोलिसाने पावती फाडली तर ती भरून टाकता येते, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा लायसनचा वर्गच बघते. गाडी घरी येण्याआधी लर्निंग हातात असू दे.

खेडचे तात्या
जुनी गाडी वाईट नाही, पडली-झडली तर जीव तळमळत नाही. पण ओळखीतली म्हणून डोळे मिटून घेऊ नका. सकाळी जा, इंजिन गार असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर समजा काहीतरी झाकायचंय. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मधोमध खटकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का बघा. चेन मागे ओढून बघा, स्प्रॉकेटच्या म्हणजे मागच्या दातेरी चक्राच्या दातांपासून सुटून उचलली जात असेल तर पूर्ण सेट बदलायचा खर्च धरा.

कागदात आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चेसिस नंबर जुळतो का, जुने चलन थकलेत का, हे तिन्ही बघा. आणि २९, ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ओळखीतल्या माणसालाच हे सांगायला अवघड जातं, म्हणून तुमच्या मिस्टरांना न पाठवता तुम्ही जा.

वाचलेल्या पैशात आधी हेल्मेट. आयएसआयचं, पूर्ण तोंड झाकणारं, त्याच्या डोक्याच्या मापाचं. पट्टा लावून मागून वर ढकलून बघा, पुढे निघून आलं तर मोठं आहे. मग पावसाळी जॅकेट, भडक रंगाचं. काळं घेऊ देऊ नका, रात्रपाळीला ट्रेलरवाल्याला ते दिसतच नाही.

शिकवायला मित्र नको, ते पहिल्याच दिवशी हायवेला नेतात. रविवारी रिकामं मैदान गाठायचं. पहिला तास नुसता क्लच, ॲक्सिलेटरला हात न लावता. गाडी क्लचवर मुंगीच्या चालीने पुढे निघाली पाहिजे. मग आठचा आकडा, मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून. टेस्टला तोच काढावा लागतो. ब्रेक मारायचा सराव आधी कोरड्यावर, मग ओल्यावर. नवीन गाडी घेतलीत तर पहिले शे-सव्वाशे किलोमीटर टायर गुळगुळीत असतो, तेव्हा कलवायचं नाही. जुनी घेतलीत तर टायरची नक्षी बघा, आणि टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी असली तरी बदलायचा.

घाटमाथा_३५०
तात्यांचं वजनाचं गणित पटलं. पण दोन वर्षांनी हंटर घेतोच तो, लिहून ठेवा.

खेडचे तात्या
घेऊ दे की! तेव्हा लिव्हर सरळ राहिलेला असेल.

ताई, कराडचं राहिलं. हा पावसाळा एसटीनेच येऊ दे. नवले पुलाचा उतार, मग खंबाटकी, आणि मागून न्यूट्रलवर सोडलेले ट्रक. तिथे जुनी माणसंही जपून असतात. गाडीला सारीगार्ड असतो, तो पोरं दिसायला बरं नाही म्हणून पहिल्या आठवड्यात काढून टाकतात. काढू देऊ नका. तुम्ही राजगुरुनगरला याल तेव्हा मागे बसायचंय तुम्हाला.