ईएसपीचं रिकॉल आलंय, आणि सल्ला काय तर 'सीझन संपू दे'?

गाडीघर (श्टुटगार्ट)
ईएसपी म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा, रिकॉल म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं, आणि कॅम्पर म्हणजे आत राहायची सोय केलेली व्हॅन. काल 'रानवारा' यांनी लिहिलं: "कॅम्परच्या ईएसपी सॉफ्टवेअरचं रिकॉल आलं तरी घाई नको, सुट्ट्या संपल्या की ऑक्टोबरात बघा. नुसतं सॉफ्टवेअर आहे, पार्ट थोडाच तुटलाय." त्याखाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या आहेत. हा सल्ला धोकादायक आहे.

ईएसपी हवेत निर्णय घेत नाही. स्टिअरिंगचा कोन आणि वेग घेऊन गाडी किती वळायला हवी ते काढतं आणि यॉ सेन्सर (गाडी प्रत्यक्षात किती वेगाने फिरतेय ते मोजणारा) काय सांगतो त्याच्याशी ताडून पाहतं. पुढची चाकं बाहेर सरकू लागली तर आतलं मागचं चाक धरतं, मागचा भाग फिरू लागला तर बाहेरचं पुढचं. "किती वळायला हवी" हे मात्र व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), वजन, टायर, गुरुत्वमध्याची उंची अशा आत भरलेल्या आकड्यांवर ठरतं. ते रिकाम्या डिलिव्हरी व्हॅनचे असतील आणि गाडी कॅम्पर असेल, तर गणित मुळातच चुकलं.

हिशेब करून बघा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.८ मीटर, गुरुत्वमध्य ०.९ मीटरवर. उलटण्याची ढोबळ मर्यादा म्हणजे निम्मं अंतर भागिले उंची, म्हणजे १.० जी (गुरुत्वाकर्षणाइतकाच बाजूचा जोर). आता २.८ मीटर उंच छतावर एसी, सोलर पॅनेल आणि सामानपेटी मिळून १०० किलो चढवा. एकूण ३३०० किलोच्या गाडीत गुरुत्वमध्य जवळजवळ ६ सेंटीमीटर वर जातो आणि मर्यादा ०.९४ वर येते. स्प्रिंगा आणि टायर दबतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. चुकीच्या आकड्यांचं ईएसपी दोन प्रकारे दगा देतं: हायवेवरून उतरतानाच्या वळणावर कारण नसताना एक चाक धरतं, किंवा लेन झटक्यात बदलताना उशिरा जागं होतं. तुम्ही हे फिरता ते जुलै-ऑगस्टमध्येच, टाक्या भरून, पोरं मागे बसवून. मग ऑक्टोबर कशासाठी?

रानवारा (म्युनिक)
माझं वाक्य अर्धंच उचललंत. ज्या रिकॉलमध्ये गाडी चालवूच नये असं असतं, तिथे पत्रात तसं स्पष्ट लिहितात. मी बोललो ते बाकीच्यांबद्दल. दुसरं, आजचं ईएसपी वजन स्वतः ओळखतं, इंजिनाचा टॉर्क आणि गाडीचं त्वरण यांवरून.

आणि तुम्ही वर्कशॉपची बाजू पूर्ण गाळलीत. फ्लॅश करताना (नवं सॉफ्टवेअर भरताना) व्होल्टेज पडलं तर कंट्रोल युनिट अर्ध्यात अडकतं. ते नीट झालं तरी स्टिअरिंग कोनाचा शून्य आणि यॉ सेन्सर सपाट जमिनीवर पुन्हा लावावे लागतात. घाईच्या दिवसांत हेच राहून जातं. मग सरळ रस्त्यावर दिवा लुकलुकतो आणि माणूस आल्प्सच्या घाटात अडकतो. शिवाय २.८ मीटरची गाडी किती वर्कशॉपांच्या दारातून आत जाते?

गाडीघर
दाराचं खरं आहे. फोन करतानाच उंची, लांबी आणि एकूण वजन सांगा. सॉफ्टवेअरला लिफ्ट लागत नाही, त्यामुळे अंगण सपाट असेल तर बाहेरही होतं. व्होल्टेजचा मुद्दाही मान्य, पण त्यावर उपाय आहे. गाडीच्या बॅटरीला स्थिर चार्जर लावायचा आणि घरबॅटरीचा (आतल्या घराला वीज देणाऱ्या बॅटरीचा) बूस्टर म्हणजे तिला चार्ज करणारा डबा, इन्व्हर्टर, फ्रिज आधी बंद करायचे. बूस्टर चालू राहिला तर तो मुख्य बॅटरीतून ओढतो आणि मेकॅनिकला ते माहीतही नसतं.

वजन ओळखण्याचं मात्र अर्धसत्य. टॉर्कवरून कळतं ते किती किलो. ते जमिनीलगत आहेत की छतावर, हा अंदाज फार कच्चा असतो आणि तोही मूळ आकड्यांच्याच आधाराने होतो. रिकॉल त्या मूळ आकड्यांसाठीच आहे.

सिएराकाठ (कॅलिफोर्निया)
इकडची अडचण वेगळी. व्हॅन एका कंपनीची, आतलं घर दुसरीचं. दोघांचं रिकॉल वेगळं निघू शकतं. १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून शोधायची सोय देणं फक्त वर्षाला २५,००० वा अधिक हलकी वाहनं बनवणाऱ्यांना बंधनकारक आहे. घर बांधणारे छोटे कारखाने त्यात येत नाहीत. "व्हीआयएनवर काही दिसत नाही" म्हणजे काही नाही, असं समजू नका. बांधणाऱ्याला त्याचा सिरियल नंबर देऊन थेट विचारा. भाड्याने घेणाऱ्यांसाठी: ३५ हून जास्त गाड्या असलेल्या भाडेकंपनीला २०१६ पासून रिकॉल बाकी असलेली गाडी देता येत नाही. पण ती मर्यादा १०,००० पौंड एकूण वजनापर्यंतच्या गाड्यांना आहे, आणि एखाद्याची खासगी व्हॅन घेतलीत तर तो कायदा लागूच होत नाही.

वजनकाटा (न्युरेम्बर्ग)
सगळे सॉफ्टवेअरवर भांडताय आणि खरा प्रश्न बाजूलाच. यातल्या किती गाड्या काट्यावर गेल्यात? माहितीपत्रकातल्या वजनात ड्रायव्हर ७५ किलो, वर ५ टक्के कमी-जास्तीची सूट. ३००० किलोवर ती १५० किलो होते! मग पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो, ११ किलोचा लोखंडी गॅस सिलिंडर भरलेला दुपटीच्या आसपास, बाहेर उघडायच्या कनातीचे ३० किलो. मागच्या रॅकवर दोन ई-सायकली, ५० किलो. व्हीलबेस ४ मीटर आणि सायकली मागच्या एक्सलच्या १.९ मीटर मागे असतील तर त्या एक्सलवर ७४ किलो पडतात आणि पुढचा २४ किलोंनी हलका होतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगची पकड जाते. तिथे कुठलं अपडेट काय करणार?

रानवारा
शेवटी कुणीतरी मुद्द्याचं बोललं. आणि हे होतं कशामुळे? ३.५ टनांच्या हट्टामुळे! साध्या कारच्या बी परवान्यात बसवायचं म्हणून कारखाने ३.५ टनांतच सगळं कोंबतात. वजन अधिकृत वाढवून घ्यावं तर जर्मनीत ऑटोबानवर ताशी १०० ची मर्यादा, ऑस्ट्रियात टोलची वेगळी पेटी, आणि वर जड गाड्यांचा सी१ परवाना. १९९९ च्या आधी परवाना काढलेले जर्मन ७.५ टन चालवतात, आपण इथे नंतर आलेल्यांनी काय घोडं मारलंय?

वजनकाटा
युरोपीय संघाने बी परवान्यावर ४.२५ टनांच्या कॅम्परला वाट मोकळी केली आहे, पण प्रशिक्षण किंवा परीक्षेच्या अटीवर. देशोदेशी कायदे व्हायला वेळ लागेल. तोवर "येणारच आहे" म्हणून जादा भरून फिरू नका, विमा कंपनी त्या दिवशी लागू असलेला नियम बघते. आणि वजन वाढवायचंच तर नुसता कागद पुरत नाही. टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो तो आकडा), रिमची क्षमता, मागचे एअर बेलो (स्प्रिंगला जोड देणारे हवेचे फुगे), सगळं बघावं लागतं.

रानवारा
मागच्या स्प्रिंगपाट्यांना बेलो लावले की गाडी हलत नाही, हा माझा अनुभव आहे.

वजनकाटा
डोलणं कमी होतं, उलटण्याची मर्यादा जवळपास तीच राहते! दोन्ही बाजूंना एकच नळी जोडली असेल तर वळणावर हवा बाहेरच्या बेलोतून आतल्यात जाते आणि गाडी जास्तच कलते. डावी-उजवी वेगळी ठेवा. आणि गाडी डोलत नाही म्हणून माणूस वेग वाढवतो, हे जास्त वाईट.

गाडीघर
परवान्याची चर्चा वेगळी काढा, कृपा करून. जादा वजन आहे म्हणून रिकॉल नको, हे कुठलं तर्कशास्त्र? जादा वजन असेल तर ईएसपी जास्तच नीट हवं. १९९७ मध्ये ए-क्लास स्वीडनमधल्या चाचणीत उलटली, तेव्हा मर्सिडीजने विक्री थांबवून प्रत्येक गाडीत ईएसपी दिलं.

रानवारा
आणि सस्पेन्शन आणि टायरही बदलले, तेही सांगा. नुसत्या सॉफ्टवेअरवर भागलं नव्हतं.

कोकणकडा (पुणे)
भारतातल्यांसाठी थोडं. आपल्याकडे कॅरव्हॅनला एआयएस-१२४ हे वाहन-मानक लागू आहे, आणि १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या वाहनांना रिकॉलचे नियम. मिनीबस घेऊन दुसऱ्याकडून आत घर बांधून घेताना लेखी विचारा: छतावर किती किलो चालेल, आणि ब्रेक-ईएसपीची जबाबदारी कोणाची? आरसीवर बांधणीची नोंद नसेल तर दोघंही हात वर करतात.

रानवारा
ठीक आहे. 'ऑक्टोबर' मागे घेतो. देखरेखीखालचं रिकॉल असेल आणि ते टाळत राहिलं तर फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय वाहन कार्यालयाच्या पत्रांनंतर गाडी चालवण्यावर बंदी येऊ शकते, हेही मी लिहायला हवं होतं. पण लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी अपडेट करू नका, यावर ठाम आहे.

गाडीघर
त्यावर वाद नाही, आठवडाभर आधी करा. जॉब कार्डवर तीन गोष्टी लिहून घ्या: सॉफ्टवेअरची जुनी-नवी आवृत्ती, कोडिंग कॅम्परचं टाकलं की साध्या व्हॅनचं, आणि स्टिअरिंग कोनाचा शून्य लावला का. मधली सगळ्यात महत्त्वाची, कारण टेस्टर (वर्कशॉपचं तपासणी यंत्र) आपणहून मूळ व्हॅनचा पर्याय सुचवू शकतो आणि तसं झालं तर रिकॉल कागदावर पूर्ण, गाडी होती तशीच. टायर वेगळ्या मापाचे बसवले असतील तर तेही आधीच सांगा. नंतर रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगाने दोन्ही बाजूंना सावकाश वळून बघा. दिवा लुकलुकला किंवा एखादं चाक धरल्यासारखं वाटलं तर तिथूनच परत फिरा.

वजनकाटा
आणि जाताना वाटेत काटा लागला तर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोलून घ्या. पाणी भरलेलं ठेवा.