मध्ययुगीन इंग्लंड: कूळ मेलं की जमीन कुणाची?

गोधडी: मुलाला मिळायची, की जमीनदार हाकलून द्यायचा?

बखरवाला: बहुधा मिळायची, पण फुकट नाही. गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदाराला, याला हेरियट म्हणत. त्याखालचं बऱ्याचदा चर्चला. बापाच्या सुतकातच बैल गेला, आता नांगरा कशानं! वर ताबा घेण्याची रक्कम वेगळी.

गोधडी: आणि पुरावा?

बखरवाला: मॅनर कोर्टाच्या, म्हणजे जमीनदाराच्याच जहागिरीतल्या न्यायालयाच्या, दप्तरातली नोंद. पुढे तिची नक्कल कुळाकडे राहू लागली, त्या नकलेवर जमीन धरायचा हक्क तोच कॉपीहोल्ड. १९२० च्या दशकातल्या कायद्यांनी तो संपला.

सातबारा: १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात लोकांनी ठिकठिकाणी ती दप्तरंच जाळली. लंडनजवळच्या माइल एंडला राजाकडे मागणी: वेठीतून सुटका आणि एकरी ४ पेन्स खंड. १३४८-४९ च्या प्लेगनंतर मजूर मिळेनात, म्हणून एवढी हिंमत आली, असं मला वाटतं.