‘सगळं एकाच ब्लॉकमध्ये कोंबा’ म्हणणाऱ्यांना: आधी चंक कुठे तुटतो ते बघा

ऐरोलीकर

कोपरीकरांची परवाची पोस्ट वाचली आणि गप्प बसवेना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ग्नू रेडिओत (ब्लॉक जोडून संगणकावर रेडिओ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) विमानांचा एडीएस-बी रिसीव्हर (विमानं स्वतःहून पाठवतात ती स्थानाची पॅकेट पकडणारा) करायचा तर मॅग्निट्यूड (सिग्नलची ताकद) काढणं, प्रीॲम्बल (पॅकेटच्या सुरुवातीची ठरलेली खूण) शोधणं, बिट सोडवणं, सीआरसी (पॅकेट बिघडलंय का ते ओळखणारा आकडा) तपासणं हे सगळं एकाच पायथन ब्लॉकच्या वर्कमध्ये (ब्लॉकचं खरं काम करणाऱ्या फंक्शनमध्ये) लिहावं, कारण छोट्या ब्लॉकांची माळ म्हणजे थ्रेडांची (समांतर चालणाऱ्या कामांची) उधळपट्टी. सोबत कोडही दिला होता. 25 डिसेंबर 2025 ला उलव्याच्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली तेव्हापासून इथे दर आठवड्याला कुणीतरी गच्चीवर डोंगल (यूएसबीवरचा छोटा रेडिओ रिसीव्हर) लावून प्रश्न विचारतंय, आणि ही नवी मंडळी तोच कोड उचलणार. म्हणून सविस्तर लिहितो.

त्या कोडमधली मूळ चूक थ्रेडांची नाहीच. वर्कला एका वेळी जेवढे सॅम्पल (सिग्नलची मोजमापं) मिळाले, म्हणजे जेवढा चंक मिळाला, तेवढ्यातच अख्खं पॅकेट सापडेल, असं त्यात गृहीत धरलंय. तसं वचन शेड्युलर (ब्लॉकांना डेटा वाटून देणारा ग्नू रेडिओचा भाग) कुणालाच देत नाही. एकदा 4096 देईल, पुढच्या वेळी 611, मग 37.

हिशेब करा. 1090 मेगाहर्ट्झवरचं लांब पॅकेट म्हणजे 8 मायक्रोसेकंदांचं प्रीॲम्बल आणि 112 बिट, एकूण 120 मायक्रोसेकंद. सेकंदाला 20 लाख सॅम्पल घेतले तर 240 सॅम्पल. चंक 4096 चा असेल तर पॅकेट सीमेवर चिरलं जायची शक्यता 239 भागिले 4096, म्हणजे जवळपास 5.8 टक्के. चंक 1000 चा असेल तर 24 टक्के. आणि मशीन मोकळं असेल तर ब्लॉक लगेच जागा होतो, येईल तेवढं उचलतो, त्यामुळे चंक छोटेच पडतात. म्हणजे लॅपटॉप जितका चपळ तितकी पॅकेट जास्त गळणार, आणि माणूस बिचारा अँटेना बदलत बसणार.

माझी मांडणी अशी. मॅग्निट्यूड-स्क्वेअरचा तयार ब्लॉक घ्या, तो व्होल्कवर (ग्नू रेडिओच्या वेगवान गणिती लायब्ररीवर) चालतो. त्यापुढे प्रीॲम्बल शोधणारा सिंक ब्लॉक (जेवढे सॅम्पल आत तेवढेच बाहेर देणारा) सी++ मध्ये लिहा आणि कन्स्ट्रक्टरमध्ये हिस्टरी (मागचे किती सॅम्पल हाताशी हवेत तो आकडा) 240 ठेवा. मग प्रत्येक वर्कला मागचे 239 सॅम्पल आपोआप समोर येतात. पल्स 0, 1, 3.5 आणि 4.5 मायक्रोसेकंदांवर, म्हणजे 0, 2, 7, 9 या सॅम्पलवर उंच हवेत आणि मधले खाली. सापडलं की टॅग (त्या सॅम्पलवरची खूण) लावा. त्यापुढचा ब्लॉक टॅग बघून 112 बिट सोडवतो आणि मेसेज पोर्टवर टाकतो. पायथन इथून पुढे. सेकंदाला काहीशे मेसेज पायथन आरामात झेलतं, 20 लाख सॅम्पलवर फॉर-लूप चालवणं त्याला झेपत नाही.

ब्लॉकची सीमा कुठे घालायची? जिथे डेटाचा वेग बदलतो, किंवा डेटाचा प्रकार बदलतो, तिथे. वर तीन ठिकाणी बदलतोय.

कोपरीकर

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तरही नीट वाचा.

एक, तो कोड समजावण्यासाठी होता. दोन, विमान आपलं स्थान सेकंदाला साधारण दोनदा पाठवतं. त्यातली 6 टक्के पॅकेट गेली तर नकाशावर कुणाला कळणारही नाही. तीन, मूळ मुद्द्याला तुम्ही हातच लावलेला नाही. ग्नू रेडिओत प्रत्येक ब्लॉकला स्वतःचा थ्रेड. फ्लोग्राफमध्ये (ब्लॉकांच्या जोडणीत) 30 ब्लॉक असतील तर 30 थ्रेड, आणि रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकाला कोअर चार. 20 लाखांच्या वेगात 4096 चे चंक म्हणजे प्रत्येक ब्लॉक सेकंदाला 488 वेळा जागा होणार. 30 ब्लॉकांचे साडेचौदा हजार झाले. प्रत्येक वेळी कॅश थंड. ‘वेग बदलतो तिथे सीमा’ हे ऐकायला छान आहे, पण पायवर पंखा लावायची वेळ येते त्याचं काय?

घणसोलीकर

दोघांचं चालू द्या, पण नव्या मुलांचा खरा शत्रू वेगळा आहे. नेटवर अजून निम्मे धडे ग्नू रेडिओ 3.7 चे आहेत. 2019 मध्ये 3.8 आलं तेव्हा जीआरसीच्या (ब्लॉक चित्रात जोडायच्या खिडकीच्या) ब्लॉक-फाइली एक्सएमएलवरून यामलवर गेल्या. 3.9 ला सी++ पायथनशी जोडणारं स्विग जाऊन त्या जागी पायबाइंड11 आलं. पोरं जुना धडा बघून ब्लॉक लिहितात, तो जीआरसीच्या यादीत दिसतच नाही, आणि दोन दिवस त्यातच जातात. आधी आवृत्ती बघा, मॉडटूलने (नवा ब्लॉक बनवून देणाऱ्या साधनाने) नवा सांगाडा काढा आणि त्यात फक्त वर्कचा गाभा आणा. हे कुठल्याही धड्यात पहिल्या ओळीत लिहिलेलं नसतं याचा मला मनापासून राग आहे. सी++ मधला हेडर बदलला की पायबाइंडची फाइल जुनी ठरते आणि बिल्ड अडतं, हेही कुणी सांगत नाही.

उलवेकर

मी नवीनच आहे, विषयाला धरून नसेल तर माफ करा. एफएमचा फ्लोग्राफ केलाय: डोंगल सेकंदाला 24 लाख सॅम्पलवर, 10 ने डेसिमेट (दहातला एक सॅम्पल ठेवायचा), डिमॉड्युलेशन, 5 ने डेसिमेट, 48 हजारांवर ऑडिओ सिंक (साउंडकार्डला आवाज देणारा शेवटचा ब्लॉक). एका धड्यात बघून मध्ये थ्रॉटल टाकला. 100.7 नीट लागतं, पण आवाज मधूनमधून तुटतो आणि खाली ‘एयू एयू’ छापून येतं. ब्लॉक जास्त झाले म्हणून का?

वागळेकर

थ्रॉटलने काही बिघडत नाही. तो सरासरी वेग राखतो, सीपीयू वाचतो. असू द्या. बफर वाढवा.

नेरूळकर

वागळेकर, हे साफ चुकीचं आहे आणि नवख्या माणसाला असं सांगू नका.

थ्रॉटल म्हणजे झोपा काढणारा ब्लॉक. तो संगणकाच्या घड्याळावर चालतो. सोर्स आणि सिंक दोन्ही फाइल किंवा आभासी असतील, म्हणजे वेग धरायला हार्डवेअरच नसेल, तेव्हाच तो लावायचा. डोंगल आणि साउंडकार्ड असताना तो घालणं म्हणजे दोन घड्याळांत तिसरं घुसवणं. तो किंचित हळू पडला की पुढे ऑडिओ उपाशी राहतो (‘एयू’ म्हणजे हेच) आणि मागे डोंगलचे सॅम्पल सांडतात. बफर वाढवून हे फक्त पुढे ढकललं जातं.

उलवेकर, आधी थ्रॉटल काढा.

वागळेकर

हार्डवेअरसोबत थ्रॉटल लावून तासन्‌तास चालणारे फ्लोग्राफ आहेत. ‘साफ चुकीचं’ म्हणायला पुरावा द्या. आणि थ्रॉटल काढूनही ‘एयू’ येतच राहतं, ते कशामुळे?

नेरूळकर

पुरावा म्हणजे भागाकार. डोंगलमधल्या क्रिस्टलची चूक 50 पीपीएम (दहा लाखांत 50) धरा, साउंडकार्ड अचूक धरा. 48 हजारांवर 50 पीपीएम म्हणजे सेकंदाला 2.4 सॅम्पलचा फरक. मध्ये 8192 सॅम्पल साठले असतील तर तो साठा 3413 सेकंदांत आटतो, जेमतेम 57 मिनिटं. तुमचे ‘तासन्‌तास’ चालणारे फ्लोग्राफ दर तासाला एकदा अडखळतात आणि तेवढं कुणी ऐकत बसत नाही, एवढंच.

थ्रॉटल काढूनही दोन घड्याळं उरतातच, म्हणून अधूनमधून ‘एयू’ येणार. डोंगलचं घड्याळ हळू असेल तर साउंडकार्ड उपाशी, जलद असेल तर मागे तुंबतं आणि शेवटी सोर्सवर सॅम्पल गळतात. खरा इलाज म्हणजे शेवटी अपूर्णांकी रीसॅम्पलर (सॅम्पलचा वेग किंचित बदलणारा ब्लॉक) घालायचा आणि त्याचं गुणोत्तर अगदी थोडं हलवत राहायचं. घरगुती एफएमला त्याची गरज नाही. पण दर दोन सेकंदांनी ‘एयू’ येत असेल तर ते पीपीएमचं काम नव्हे. तिथे एक तर सीपीयू पुरत नाही, नाही तर वेगाचा गुणाकार चुकलाय. 24 लाख भागिले 50 म्हणजे 48 हजार, हा बरोबर आहे. साउंडकार्डला 48 हजारांपेक्षा जास्त दिलंय का ते बघा.

उलवेकर

सिंकमध्ये 96 हजार होतं. 48 हजार केलं, थ्रॉटल काढला, आता तुटत नाही. पण आवाज जवळपास पाव सेकंद उशिरा येतो.

वागळेकर

96 हजारांचं कारण होतं म्हणजे थ्रॉटलचं नव्हतं. तरी हार्डवेअरसोबत नको हे मान्य करतो. भाषा मात्र सांभाळा.

नेरूळकर

भाषेबद्दल खरं आहे, ‘साफ चुकीचं’ थोडं जास्त झालं. मुद्दा तोच राहील.

उशिराबद्दल: विलंब साठतो तो कमी वेगाच्या टोकाला. 4096 सॅम्पल 20 लाखांवर 2 मिलिसेकंदांचे, तेच 48 हजारांवर 85 मिलिसेकंदांचे. असे तीन बफर झाले की पाव सेकंद झाला. ऑडिओकडच्या ब्लॉकांवर कमाल आउटपुट 512 ठेवा, म्हणजे एका वेळचं काम साधारण 11 मिलिसेकंदांचं होईल. बफर मात्र मेमरी-पेजच्या पटीतच मिळतो, 4096 बाइट म्हणजे 1024 फ्लोट, त्याखाली जाता येत नाही. आयटमचा आकार विचित्र ठेवलात, समजा 12 बाइट, तर पेजशी जुळवण्यासाठी मागितल्यापेक्षा मोठा बफर मिळतो आणि तशी सूचना छापून येते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

ऐरोलीकर

धागा एफएमकडे गेला, हरकत नाही, पण कोपरीकरांच्या आकड्यांना उत्तर द्यायचंय.

तुमचे साडेचौदा हजार फक्त तेव्हाच खरे, जेव्हा तिसही ब्लॉक 20 लाखांच्या वेगात चालतात. माझ्या साखळीत त्या वेगाला सोर्स धरून चारच आहेत, पुढे नुसते मेसेज. कॉपीचा खर्च म्हणाल तर 20 लाख फ्लोट म्हणजे सेकंदाला 8 मेगाबाइट. पायला त्याचं ओझं नाही. आणि तुमचा एकच पायथन ब्लॉक एकाच थ्रेडवर, जीआयएल (पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) धरून. पायचे उरलेले तीन कोअर रिकामे बसतात. दोन पायथन ब्लॉक केलेत तरी ते आळीपाळीनेच चालणार. सी++ ब्लॉक मात्र खरोखर एकाच वेळी चालतात.

आणि ‘6 टक्के गेली तर काय’ हे मला मुळीच पटत नाही. स्थान काढायला एक ‘सम’ आणि एक ‘विषम’ अशी दोन प्रकारची पॅकेट जवळजवळच्या वेळेत लागतात. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला फरक पडणार नाही. पारसिकच्या डोंगराआडून येणाऱ्या विमानाची आधीच दहातली दोन-तीन पॅकेट पोचतात. त्यातलं एक तुम्ही स्वतःच्या हाताने चिरता, आणि ते विमान नकाशावर उमटतच नाही.

घणसोलीकर

डोंगराआधी मोबाइल टॉवर बघा. ठाण्यात-नवी मुंबईत प्रत्येक दुसऱ्या इमारतीवर टॉवर आहे, आणि 935 ते 960 मेगाहर्ट्झचा मारा डोंगलला आधीच बहिरा करतो. 1090 चा सॉ फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी आत सोडणारा) लावल्याशिवाय टक्क्यांच्या गप्पा फोल आहेत.

कोपरीकर

फिल्टरबद्दल घणसोलीकर बरोबर.

ऐरोलीकर, 20 लाखांच्या वेगात चारच ब्लॉक असतील तर थ्रेडांचा माझा आक्षेप इथे लागू पडत नाही. 30 ब्लॉकांच्या ऑडिओ साखळीत तो लागू पडतो आणि मी तो सोडणार नाही. एफएमची साखळी बघा: गुणाकार, बेरीज, गेन, असल्या एका ओळीच्या कामाला स्वतंत्र ब्लॉक लावतात लोक. तुमच्याच नियमाने तिथे ना वेग बदलतो ना प्रकार. मग तिथे सीमा का?

पण तुमच्या हिस्टरीतही खड्डा आहे आणि तो तुम्ही सांगितला नाहीत. हिस्टरी 240 ठेवली की इनपुटचा शून्यावा सॅम्पल आत्ताचा नसतो, 239 मागचा असतो. टॅगची जागा काढताना तेवढं वजा केलं नाही तर टॅग जवळपास 120 मायक्रोसेकंद सरकतो, म्हणजे अख्ख्या पॅकेटएवढा. पुढचा ब्लॉक कचरा सोडवतो आणि सीआरसी सगळं फेकून देतो. ‘आपोआप समोर येतात’ एवढं लिहून भागत नाही.

ऐरोलीकर

हे लिहायला हवं होतं. चूक माझी. एका ओळीचे ब्लॉक एकत्र करावेत हेही मान्य, पण सी++ मध्ये.

नेरूळकर

भर घालतो. इनपुट-आउटपुटचं प्रमाण ठरलेलं नसेल तर सिंक ब्लॉक नको, जनरल ब्लॉक घ्या. तिथे टॅग आपोआप पुढे पाठवणं बंद करा, कारण शेड्युलर टॅगची जागा ठरलेल्या गुणोत्तराने मोजतो आणि तुमचं गुणोत्तर दर चंकला वेगळं असतं. फोरकास्टमध्ये (किती सॅम्पल लागतील ते शेड्युलरला सांगणाऱ्या फंक्शनमध्ये) खरी गरज सांगा. 240 लागत असताना 1 मागितलात, आणि वर्कने काहीच न खाता शून्य परत केलं, तर तो थ्रेड फिरत राहतो आणि एक कोअर 100 टक्क्यांवर अडकतो. शून्याऐवजी चुकून उणे एक परत केलंत तर काम संपलं असा अर्थ होतो, आणि फ्लोग्राफ गुपचूप थांबतो.

स्लायडरवरून थ्रेशोल्ड बदलत असाल तर तो बदल दुसऱ्या थ्रेडवरून येतो. सेटरमध्ये (मूल्य बदलणाऱ्या फंक्शनमध्ये) आणि वर्कमध्ये एकच लॉक घ्या. मेसेज हँडलर ब्लॉकच्याच थ्रेडवर चालतो, त्याला लागत नाही.

ऐरोलीकर

कोपरीकर, वाद मिटवायचा एक सोपा मार्ग आहे. एक रेकॉर्डिंग घ्या. फाइल सोर्स, तुमचा ब्लॉक, शेवटी सगळं फाइलमध्ये. टॉप ब्लॉकच्या रनला कमाल आउटपुटचा आकडा देता येतो. तो 7, मग 97, मग 4096 देऊन तीनदा चालवा. तिन्ही फाइली बाइट-बाइट सारख्या आल्या पाहिजेत. नाही आल्या तर ब्लॉक चुकीचा आहे, मग तो एक असो की दहा.

कोपरीकर

चालवलं. 7 ला एकही पॅकेट नाही, 97 लाही नाही, 4096 ला येतात. पोस्टमधला कोड काढून टाकतो.

हिस्टरी घालून पुन्हा चालवलं. आता तिन्हीकडे पॅकेट येतात, पण 7 आणि 97 ला काही पॅकेट दोनदा येतात.

ऐरोलीकर

पॅकेट सापडल्यावर पुढचे 240 सॅम्पल ओलांडायचा मोजणारा आकडा वर्कच्या आत लोकल ठेवलाय का? वर्क संपलं की तो पुसला जातो. त्याला ब्लॉकचा सदस्य करा आणि उरलेली उडी पुढच्या वर्कला वापरा.

कोपरीकर

लोकलच होता. बदलला, तिन्ही फाइली जुळल्या. मॅग्निट्यूड मात्र मी त्याच ब्लॉकमध्ये ठेवणार आहे.