काकवीची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) सकाळी वेगळी, दुपारी वेगळी. मशीन चुकतंय का?

कुपवाडकर:
नमस्कार मंडळी, आमचं कुपवाड एमआयडीसीत काकवी बॉटलिंगचं छोटं युनिट आहे. सेकंडहँड ब्रुकफिल्ड टाइप व्हिस्कोमीटर घेतलाय, आरव्ही मॉडेल, ४ नंबरचा स्पिंडल (सॅम्पलमधे फिरणारी दांडी) लावून २० आरपीएमला (मिनिटाला २० फेरे) घेतो. एकाच बॅचचं सकाळी १३०० सीपी (सेंटीपॉइज, घट्टपणाचं माप) येतंय, दुपारी ११००, आणि पुण्याच्या पार्टीच्या लॅबचा रिपोर्ट आलाय ९८० चा, ते म्हणतात तुमचं मशीन बाद आहे. सॅम्पल स्टीलच्या उंच पेल्यात घेतो. मशीन दुरुस्तीला टाकू का?

मिरजेची_लॅबवाली:
दादा, आधी टॉर्क (स्पिंडल फिरवायला लागणारा जोर) किती टक्के दाखवतंय ते सांगा. आणि सॅम्पलचं तापमान मोजता का?

कुपवाडकर:
ताई टॉर्क ११ ते १३ च्या मधे असतो. तापमान नाही मोजत, खोलीचं जे असेल ते.

मिरजेची_लॅबवाली:
मग दुरुस्तीला अजिबात टाकू नका. आरव्हीला ४ नंबर आणि २० आरपीएम म्हणजे फुल स्केल (मोजता येणारा सगळ्यात मोठा आकडा) १०,००० सीपी, आणि अचूकता फुल स्केलच्या १ टक्का, म्हणजे कुठलंही रीडिंग १०० सीपीने वर-खाली होऊ शकतं, तुमच्या बाराशेच्या मालाला १०० म्हणजे केवढं झालं बघा. टॉर्क १० टक्क्यांच्या वर हवाच, पण जेमतेम वर असून भागत नाही. २ नंबर लावा, स्पीड तोच ठेवा. फुल स्केल २००० होईल, टॉर्क साठच्या आसपास येईल आणि चूक २० सीपीवर येईल. २ नंबरला गार्ड लेग (स्पिंडलभोवतीची यू आकाराची पट्टी) लावायचाच, आणि पेला सोडून ६०० मिलीचा बुटका बीकर घ्या, अरुंद भांड्यात भिंत जवळ येते आणि रीडिंग चढतं.

तापमान तर सगळ्यात मोठं. साधा ६० टक्के साखरेचा पाक २० डिग्रीला ५८ सीपीच्या आसपास असतो, २५ ला ४४ वर येतो, पाच डिग्रीत एवढा फरक, आणि काकवी तर त्याहून घट्ट. बीकर वॉटर बाथमधे ठेवून २५ ला स्थिर झाल्यावरच घ्या, थर्मामीटर बीकरच्या मधे बुडवून बघा, बाथचा आकडा धरू नका.

वाई_सरबत:
बुडबुडे पण बघा भाऊ, आमच्याकडे स्ट्रॉबेरी सिरपला हाच त्रास. डिस्कवाला स्पिंडल सरळ खाली सोडला की खाली हवा अडकते, त्यामुळं आधी तो सुटाच तिरका करून सॅम्पलमधे बुडवायचा आणि मग शाफ्टला लावायचा, खुणेपर्यंतच बुडवायचा. आटे उलटे असतात, शाफ्ट हाताने धरून किंचित उचलून लावा नाहीतर आतली पिव्हट जाते.

कुपवाडकर:
२ नंबर आणि गार्ड लेग दोन्ही पेटीत सापडले. २० आणि १० आरपीएमला वेगळं आलं तर?

मिरजेची_लॅबवाली:
स्वच्छ पाकाला दोन्हीकडे जवळपास सारखंच यायला हवं, १० ला टॉर्क निम्मा होईल तेवढाच. स्पीड वाढवल्यावर सीपी उतरत असेल तर काकवीत साखरेची कणी पडलीय किंवा हवा आहे, बॅच गाळून परत घ्या. आणि पार्टीकडून स्पिंडल, स्पीड, तापमान, टॉर्क हे चारही लेखी मागा दादा, त्याशिवाय त्यांचा ९८० आणि तुमचा आकडा शेजारी ठेवताच येत नाही.

कुपवाडकर:
आत्ताच मेल टाकतो ताई.