लोन रायटर (कंपनीतला एकटाच टेक्निकल रायटर, म्हणजे मॅन्युअल्स लिहिणारा) असणं ही चैन?

अर्धविराम:
कालच्या धाग्यात तळटीप यांनी लिहिलं, "कंपनीत एकच टेक्निकल रायटर असणं ही चैन आहे, कुणाची लुडबुड नाही." वाचून डोकं फिरलं. मी सहा वर्षं एकटीने मॅन्युअल्स लिहिली. माझ्या एका अपग्रेड गाइडमध्ये बॅकअपची पायरी अपग्रेडच्या नंतर पडली. दोन डेव्हलपरांनी रिव्ह्यू पास केला, कारण क्रम त्यांना पाठ होता, वाचायची गरजच वाटली नाही. एका ग्राहकाचा डेटा गेला तेव्हा कळलं. त्या रात्री हे काम समजणारं एकही माणूस बोलायला नव्हतं.

तळटीप:
वाईट झालं, पण दोष पद्धतीचा आहे. नवख्या माणसाला गाइड देऊन पायऱ्या करायला लावायच्या, आपण गप्प बसायचं. लिहिण्याच्या स्टाईलचं अडलं तर गूगलचं डेव्हलपर स्टाईल गाइड २०१७ पासून खुलं आहे. सोबत हवी तर 'राइट द डॉक्स' या टेक्निकल रायटरांच्या ऑनलाइन समुदायात विचारा. आम्ही चौघे रायटर होतो तेव्हा 'क्लिक करा' की 'निवडा' यावर तीन बैठका झाल्या होत्या!

अर्धविराम:
रिलीज न झालेल्या फीचरचा मसुदा बाहेर कसा दाखवणार? गोपनीयतेच्या करारावर सही असते.

जुनी_आवृत्ती:
एकट्याचा जीव खातात ते स्क्रीनशॉट. बंद करा ते! एका बटणाचं नाव बदललं की चाळीस चित्रं शिळी. भाषांतरात सगळी पुन्हा काढा. स्क्रीन रीडरला (अंधांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला) त्यातला मजकूर नीट वाचता येत नाही ते वेगळंच.

अनुस्वार:
साफ चूक. मी सपोर्टमध्ये होते. "सेटिंग्जचं चिन्ह कुठंय?" या एका प्रश्नावर फोन वीस-वीस मिनिटं चालायचा. चित्र टाकल्यावर तो प्रश्न थांबला. स्क्रीन रीडरसाठी ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, लिहा.

जुनी_आवृत्ती:
कधी लिहू? फीचर फ्रीझनंतर, म्हणजे 'आता नवं काही घालायचं नाही' असं ठरल्यावरही, स्क्रीन बदलतात आणि मला रिलीजच्या आदल्या संध्याकाळी सांगतात. एकदा बसून बघा माझ्या जागी.

अनुस्वार:
तुमच्या वेळापत्रकाची शिक्षा वाचकाला का? चुकीचं चित्र वाईट हे कबूल, पण चित्रच नको म्हणणं हा आळस आहे.

जुनी_आवृत्ती:
आळस? अकरा वर्षं हेच करतोय मी. शब्द जपून वापरा.

अर्धविराम:
तुम्ही दोघं जे भांडताय ना, तेच मला सहा वर्षं मिळालं नाही. चित्र ठेवायचं की नाही हे मी कुणाशी न बोलता ठरवत गेले, आणि चुकलं ते ग्राहकाकडून कळलं.

तळटीप:
बॅकअपचं एक मान्य करतो. नवख्याने पायऱ्या करून पाहिल्या असत्या तरी अपग्रेड सुरळीत झालं असतं, क्रम चुकलाय हे त्याच्या लक्षात आलं नसतं. तिथे दुसरा रायटरच हवा होता. बैठकांबद्दलचं माझं मत तेच आहे.

जुनी_आवृत्ती:
चिन्हापुरता कापलेला छोटा तुकडा चालेल. अख्ख्या खिडकीचं चित्र मी टाकणार नाही.