राखमानिनोव रशियातून बाहेर पडला आणि त्याच्यातला संगीतकार संपला: पटतं का?

पांढरी_पाच
गेले दोन महिने सर्गेई राखमानिनोव क्रमाने ऐकतोय, पहिल्या कृतीपासून शेवटच्या कृतीपर्यंत. त्यातून एक मत झालंय. नसेल पटत तर खोडून काढा.

त्याच्या कृतींना दिलेले क्रमांक (ओपस) 1 ते 45. त्यातले 39 रशियातले. डिसेंबर 1917 मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, बायको आणि दोन मुलींना घेऊन तो देशाबाहेर पडला. तेव्हा वय 44. पुढे 25 वर्षं जगला आणि त्या 25 वर्षांत क्रमांक पडले फक्त सहा. 1926 उजाडेपर्यंत स्वतःची एकही मोठी नवी रचना नाही.

कारण मला तरी स्पष्ट दिसतं. तांबोव प्रांतातली इवानोव्काची इस्टेट गेली, मिळवलेला पैसा तिच्यातच ओतलेला. घर चालवायला हातात उरला पियानो. 1918 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला उतरला आणि मैफलींच्या चरकात सापडला. काही हंगामांत साठ-सत्तर मैफली! आणि प्रत्येक ठिकाणी लोक शेवटी तोच सी शार्प मायनर प्रेल्यूड (पियानोची छोटी रचना) मागणार, त्याने एकोणिसाव्या वर्षी लिहिलेला. ज्याने सेकंड कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची मोठी रचना) लिहिली त्या माणसाचं असं व्हावं याचं मला फार वाईट वाटतं. वादकाने संगीतकाराला खाल्लं.

मंद्र
आकडे बरोबर, निष्कर्ष चूक.

देश सुटला म्हणून लेखणी थांबली म्हणता, मग ड्रेस्डेनचं काय? 1906 ते 1909 तो हिवाळ्यात तिथेच राहत होता. मॉस्कोतल्या बोल्शॉय थिएटरच्या कंडक्टरपदाचा आणि तिथल्या धावपळीचा उबग आला म्हणून मुद्दाम गेला होता. सेकंड सिंफनी (वाद्यवृंदाची मोठी रचना) त्याच काळातली, ‘आयल ऑफ द डेड’ही. म्हणजे परक्या गावात त्याला उत्तम सुचत होतं. आणि गप्प बसणं त्याला रशियातही नवं नव्हतं. 1897 मध्ये पहिली सिंफनी सपशेल आपटल्यावर जवळपास तीन वर्षं त्याने काही मोठं लिहिलं नाही. डॉ. निकोलाय दाल यांच्या संमोहनाच्या उपचारांनंतर तो पुन्हा कामाला लागला, आणि सेकंड कॉन्चेर्टो त्यांनाच अर्पण केली.

पांढरी_पाच
@मंद्र, ड्रेस्डेनचा मुद्दा चांगला आहे, पण अर्धाच. ड्रेस्डेनला असतानाही दर उन्हाळ्यात तो इवानोव्काला परतत होता. परत जाता येतं हे माहीत असणं आणि दार कायमचं बंद होणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरी कॉन्चेर्टोही 1909 च्या उन्हाळ्यात इवानोव्कालाच पुरी झाली. देशाबरोबर रचना करायची इच्छाही मागेच राहिली, अशा अर्थाचं तो स्वतः बोललेला आहे. आपण त्याच्यापेक्षा शहाणे कसे?

केदार_पेटीवाला
मला या चर्चेचं मूळच पटत नाही. ‘फक्त’ वादक झाला म्हणजे काय? आपल्याकडे केसरबाई केरकरांचं मोठेपण त्यांनी किती बंदिशी बांधल्या यावर मोजतो का आपण? मैफलीत जे घडतं तीच निर्मिती, हे आपल्या कानांना वेगळं सांगावं लागू नये.

त्याचं 1929 चं सेकंड कॉन्चेर्टोचं ध्वनिमुद्रण ऐका, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर, कंडक्टर स्टोकोव्स्की. सुरुवातीला एकटा पियानो. चर्चच्या घंटेसारखे स्वरगुच्छ, मध्ये तोच एक खर्जातला स्वर, आणि हळूहळू आवाज वाढत जातो. ते गुच्छ इतके रुंद आहेत की लहान हाताचे वादक ते फोडून, एकामागोमाग स्वर घेत वाजवतात. मी रोज वाजवून बघतो, माझा डावा हात पुरत नाही. राखमानिनोवचा पंजा प्रचंड होता. पण मला थक्क करतो तो पंजा नाही, त्याचा संयम. जिथे बाकीचे गळा काढतात तिथे तो सरळ पुढे जातो.

आणि पैसा मिळवणं हा काही गुन्हा नव्हे. विमानं बांधणारा निर्वासित सिकोर्स्की अडचणीत होता, तेव्हा त्याला 5000 डॉलर देणारा हाच. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत जखमींसाठी मैफलींचं उत्पन्न पाठवणाराही हाच, ज्या राजवटीने 1931 मध्ये त्याच्या संगीतावर बहिष्कार घातला होता तिच्या देशात.

स्नेहल_इ
केदार, मान्य, तो वादक महान होताच. पण श्रोत्यांनी त्याच्या नव्या कामाचं काय केलं तेही बघा. ‘कोरेल्लीच्या थीमवरच्या व्हेरिएशन्स’ (1931; एकाच धुनेची बदलत जाणारी रूपं) तो मैफलीत वाजवायचा, तेव्हा खोकल्यावरून ठरवायचा. लोक खोकायला लागले की पुढची व्हेरिएशन गाळायची. संगीतकार मित्र मेटनरला त्याने हे पत्रात लिहिलंय, एका छोट्या गावात वीसपैकी दहाच वाजवल्या म्हणून. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. चौथी कॉन्चेर्टो तर तो छापल्यावरही कापत राहिला, शेवटची दुरुस्ती 1941 मध्ये. स्वतःच्या लिहिण्यावरचा विश्वासच उडालेला माणूस आहे हा. मी पांढरी_पाच यांच्या बाजूने.

मंद्र
विश्वास उडालेला माणूस ‘सिंफोनिक डान्सेस’ लिहीत नाही. क्रमांक 45, शेवटची कृती, 1940 मध्ये लाँग आयलंडवर लिहिलेली.

पहिल्या भागाचा शेवट ऐका. तोपर्यंत करकरीत, ठेक्यावर ताठ चाललेलं संगीत एकदम निवळतं. तंतुवाद्यं एक रुंद, शांत धून घेतात आणि मागे पियानो, हार्प, घंट्यांची किणकिण. ती धून कुठली? 1897 मध्ये आपटलेल्या पहिल्या सिंफनीची! कंडक्टर ग्लाझुनोव्हच्या हाताखाली प्रयोग फसला, समीक्षक सेझार कुईने त्यावर लिहिताना इजिप्तवरच्या दहा अरिष्टांची आठवण काढली, आणि राखमानिनोवने ती पुन्हा कधी वाजू दिली नाही. हस्तलिखित रशियातच राहिलं. म्हणजे 1940 मध्ये ही धून ओळखणारं श्रोत्यांत जवळजवळ कुणीच नव्हतं. त्याने ती टाळ्यांसाठी घातलेली नाही. तिसऱ्या भागात ‘दिएस इरे’ या मृत्यूच्या जुन्या गाण्यासमोर त्याने 1915 च्या ‘ऑल-नाइट व्हिजिल’मधलं स्तोत्र उभं केलं आणि स्वरलिपीत ‘आलिलुया’ असा शब्द लिहिला. याला तुम्ही संपलेला संगीतकार म्हणता?

पांढरी_पाच
@मंद्र, ती धून पहिल्या सिंफनीतली आहे हे मला ऐकताना कळलंच नव्हतं. आत्ता दोन्ही लागोपाठ लावून पाहिल्या. तिकडे तीच धून चिडलेली, मायनर या उदास सुरावटीत. इकडे मेजर या उजळ सुरावटीत, कुणाशी काही भांडण नसल्यासारखी.

शीर्षकातला ‘संपला’ हा शब्द मागे घेतो. मात्र सहा हा आकडा सोडणार नाही. स्नेहल म्हणतात त्या खोकल्यांना माझ्या मनात अजूनही माफी नाही.

स्नेहल_इ
त्या पहिल्या सिंफनीचे वाद्यवृंदाचे सुटे भाग लेनिनग्राडमध्ये सापडले आणि 1945 मध्ये मॉस्कोत ती पुन्हा वाजली. राखमानिनोव 28 मार्च 1943 ला गेला होता, सत्तरीला चार दिवस कमी असताना.